एकशे आठमधली एक फाइल

माझ्या भाडेकराराला सुतळीने एक पिवळा टॅग बांधलेला होता. त्यावर निळ्या बॉलपेनने सुवाच्य अक्षरात लिहिले होते : 'निर्णय राखून. वर्तन पाहावे.' खाली सही आणि तारीख. बदलापूर पूर्वेला, डोंगराकडच्या शेवटच्या गल्लीत मी चार वर्षे भाड्याने राहिलो. टॅग शेवटपर्यंत पिवळाच राहिला.

टॅग बांधणारे माझे घरमालक. दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन ब्लॉक होते. एकात मी, दुसऱ्यात ते आणि त्यांच्या पत्नी. इमारतीत सगळे त्यांना काका-काकू म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. ते मला पत्रकार म्हणत. मी तेव्हा एका छोट्या दैनिकासाठी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर अशी तिन्ही गावे सांभाळत होतो. या संबोधनात आदर होता की संशय, ते टॅगच्या रंगावरून कळत नव्हते.

अंबरनाथच्या एका कारखान्यात काका चौतीस वर्षे तपासणी विभागात होते. तयार माल त्यांच्या टेबलावर येई, ते मोजत आणि टॅग बांधत. हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे बाद, पिवळा म्हणजे थांबवा. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचे घड्याळ दिले. घड्याळ दिवसाला दोन मिनिटे पुढे जाते, हे त्यांनी तिसऱ्या दिवशी नोंदवले आणि लाल टॅग बांधून ते परत पाठवले. टॅगांचे तीन गठ्ठे मात्र त्यांनी घरी आणले होते. ते गठ्ठे कारखान्यानेच बाद केलेले होते. भोक मध्यावर नव्हते.

घरात टॅग कुठेही सापडत. मिक्सरला पिवळा. बाल्कनीच्या दाराला लाल, कारण ते दोन मिलिमीटर घासे. पाहुण्यांनी आणलेल्या मिठाईच्या खोक्यावर एकदा हिरवा दिसला, तेव्हा पाहुणे समोर बसलेले होते. मेथी घेताना ते ढिगातल्या पाच जुड्या काढून सोडत. एकीत पिवळे पान निघाले की ढीग बाद. बाजारातली भाजीवाली त्यांना पाहिले की कमरेवर हात ठेवून उभी राही.

"काका, भाजी घ्यायला आलात की रेड टाकायला?"

"लॉटमधला एक नग खराब निघाला, की लॉट खराब," काका शांतपणे सांगत.

"मग घरी कुंडीत लावा. तुमचा लॉट, तुमचा नग."

काकूंना या सगळ्याचे काही वाटत नसे. मी एकदा त्यांना विचारले, लग्न ठरवताना तुम्हाला कोणता टॅग बांधला होता?

"तेव्हा हे अप्रेंटिस होते," काकू म्हणाल्या. "सहीचा अधिकार नव्हता. म्हणून मी पास झाले."

काकांचे आवडते वाक्य होते : "मोजलं नाही, ते झालंच नाही." ताप आला की ते आधी थर्मामीटर शोधत आणि तो सापडेपर्यंत स्वतःला आजारी मानत नसत.

ते नऊ वर्षे पाणी मोजत होते. आमची गल्ली पाइपलाइनच्या शेपटाला होती. पुढच्या गल्ल्यांनी भरून उरले की आमच्याकडे येई. कधी पहाटे, कधी भर दुपारी, कधी नाहीच. दाब इतका कमी की वरच्या टाकीत पाणी चढत नसे. सोळा ब्लॉकची माणसे तळमजल्यावरच्या नळाला रांग लावत आणि बादल्या वर नेत. काकूंचे दोन्ही गुडघे गेलेले होते. त्या बादली एका पायरीवर ठेवत, मग स्वतः त्या पायरीवर चढत, मग पुढची पायरी. दुसऱ्या मजल्यापर्यंत चौतीस पायऱ्या होत्या. हा आकडाही काकांचाच.

काका रोज चार गोष्टी लिहीत : पाणी आल्याची वेळ, गेल्याची वेळ, बादली भरायला लागलेले सेकंद आणि गढूळपणा. शेवटच्या मोजणीची पद्धत त्यांनी स्वतः काढली होती. काचेच्या ग्लासात पाणी घ्यायचे, मागे आमचे दैनिक धरायचे आणि कोणत्या आकाराची अक्षरे वाचता येतात ते पाहायचे. अग्रलेख वाचता आला तर पाणी चांगले. फक्त मथळा दिसला तर वाईट. अग्रलेखापर्यंत रोज पोहोचणारा आमचा दुसरा वाचक माझ्या माहितीत नाही.

या नोंदी एका जुन्या लॅपटॉपवर होत्या. महिन्याला एक फाइल, नऊ वर्षांच्या एकशे आठ. लॅपटॉप उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून सेकंडहँड घेतलेला होता. कुठल्यातरी ऑफिसचा क्रमांक असलेले स्टिकर त्याच्यावर तसेच होते, कारण ओळखचिठ्ठी काढणे नियमात बसत नव्हते. बटण दाबल्यापासून पहिली फाइल उघडेपर्यंत तेरा मिनिटे चाळीस सेकंद लागत. दहा वेळा मोजून काढलेली ही सरासरी.

पाण्याच्या कार्यालयात एक गुरुवार आड तक्रारींची सुनावणी होई. प्रत्येक अर्जदाराला दहा मिनिटे मिळत. पहिल्या सुनावणीला काकांनी लॅपटॉप साहेबांच्या टेबलावर ठेवला, वायर जोडली, बटण दाबले आणि हाताची घडी घालून बसले. बॅटरी केव्हाच मेलेली होती. बाहेर बाकावरून सुरू करून आत नेणे शक्य नव्हते. दुसरी बॅटरी दोनदा आणली आणि दोन्ही वेळा फुगीर म्हणून बाद झाली. साहेबांनी आठ मिनिटे फिरते वर्तुळ पाहिले, चहा मागवला, प्यायला आणि साइटवर निघून गेले. शेरा पडला : 'अर्जदार पुरावा सादर करू शकले नाहीत.' दुसऱ्या सुनावणीलाही तेच झाले. फक्त चहा काकांनाही मिळाला.

"प्रिंट आणा की," जाता जाता साहेब म्हणाले होते.

पण काका प्रिंट काढत नसत. पेनड्राइव्हवर प्रत ठेवू देत नसत. कारखान्यात एकदा एकाच भागाच्या ड्रॉइंगच्या दोन प्रती फिरत राहिल्या, एक जुनी, एक सुधारलेली, आणि महिनाभराचा माल जुन्या मापाने तयार झाला. तेव्हापासून त्यांचा नियम होता : मूळ प्रत एक. दुसरी प्रत म्हणजे दुसरे सत्य. डिस्क बंद पडली तर काय, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "तर ती बंद पडली अशी नोंद होईल."

"कशावर?" काकूंनी आतून विचारले.

तिसरी सुनावणी शेवटची होती. त्या वर्षी बदलायच्या पाइपलाइनची यादी त्यानंतर लगेच वर जाणार होती. आमच्या गल्लीचे नाव आत गेले तर मोठा पाइप पडणार होता. नाही तर पुढची यादी कधी, हे साहेबांनाही माहीत नव्हते. म्हणजे सोळा ब्लॉकचे पाणी आणि काकूंच्या चौतीस पायऱ्या तेरा मिनिटे चाळीस सेकंदांवर अडून होत्या. मी काकांना सांगितले की लॅपटॉपमधली फिरती तबकडी काढून त्या जागी चिपवरची नवी डिस्क, एसएसडी, बसवली तर तो काही सेकंदांत सुरू होईल.

"किती सेकंदांत?"

"दहा-पंधरा."

"दहा की पंधरा?"

आम्ही कॅम्प तीनला गेलो. स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या चार फेऱ्या सोडाव्या लागल्या, कारण ड्रायव्हरच्या शेजारी प्रवासी बसवलेली रिक्षा काका बाद करत. पाचवा रिक्षावाला वैतागून म्हणाला, "चाचा, प्लेन पकडो." दुकानदार सिंधी होता, तोंडाने गोड आणि हाताने चपळ. मागे जीन्सच्या शिलाई मशिनांचा खडखडाट चालू होता. त्याने डिस्क पुढे सरकवली आणि आम्ही घेऊन आलो.

घरी काकांनी तपासणी सुरू केली. तराजू त्यांच्याकडे होता. जुन्या लॅपटॉपची तबकडी अठ्ठ्याण्णव ग्रॅम भरली, नवी डिस्क चौतीस. त्यांनी ती कानाशी धरून हलवली. मग व्हर्नियर लावला : जुनी साडेनऊ मिलिमीटर जाड, नवी सात.

"वजन एक तृतीयांश," ते म्हणाले. "मापात अडीच मिलिमीटर कमी. आणि काम पन्नासपट जास्त करणार म्हणता."

मी ऑफिसला गेलो. परत आलो तेव्हा डिस्कचे झाकण उघडलेले होते. आत एका कडेला बोटभर लांबीची हिरवी पट्टी होती, तिच्यावर चार चिपा. उरलेला डबा मोकळा. काकांनी पट्टीने मोजून जागेचा नकाशा काढला होता आणि खाली लिहिले होते : 'दोन तृतीयांश रिकामे.' लाल टॅग तयार होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा दुकानात.

"साईं, हा डबा रिकामा आहे," काका म्हणाले.

दुकानदाराने डबा पाहिला, काकांकडे पाहिले. "अरे काका, आपने खोला क्यूँ? खोला तो वॉरंटी गया."

"खोलल्याशिवाय तपासणी कशी होणार?"

"तपासणी कंपनी ने किया ना."

"कंपनीच्या तपासणीवर सही कोणाची आहे?"

दुकानदार माझ्याकडे वळला. "ये आपके पिताजी?"

"घरमालक."

"तो मेरा सुनो. छोटा घर लो, लेकिन दूसरा लो."

तरी माणूस चांगला होता. त्याने खणातून दोन वेगळ्या कंपन्यांच्या मेलेल्या डिस्क काढल्या आणि स्क्रूड्रायव्हरने उघडल्या. दोन्हींत तीच बोटभर पट्टी, तोच मोकळा डबा. "देखो. सबका ऐसाही आता है. चिप छोटा हो गया, पण डब्बा जुन्या मापाचा ठेवावा लागतो ना. नहीं तो लॅपटॉप में बैठेगा कैसे?"

काका बराच वेळ तिन्ही डब्यांकडे पाहत राहिले.

"म्हणजे रिकामी जागा मापासाठी आहे."

"हां! माप के लिए!" दुकानदाराला हा शब्द सापडल्याचा खरोखर आनंद झाला.

कारखान्यात एक सोय असते. माल नेमका नियमात नसला, पण काम भागत असेल, तर त्यावर सवलतीची चिठ्ठी लिहून तो पास करता येतो. चौतीस वर्षांत काकांनी अशा दोन चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. तिसरी त्यांनी कॅम्प तीनमध्ये काउंटरवर उभे राहून लिहिली : 'आतील जागा दोन तृतीयांश रिकामी. कार्यावर परिणाम नाही.' दुकानदाराने सही केली, वर दुकानाचा शिक्का मारला आणि विचारले, "लॅमिनेट करवाऊं क्या?"

उरलेल्या अडीच मिलिमीटरचा प्रश्न काकांनी घरी सोडवला. डिस्क जागेवर हलू नये म्हणून एक प्लास्टिकची चौकट हवी होती. ती त्यांनी कानशीने घासून नेमकी अडीच मिलिमीटर केली. काकूंना ती चौकट ओळखीची वाटली.

"अहो, हे माझ्या पोह्यांच्या डब्याचं झाकण."

"होतं," काका म्हणाले.

रविवारी मी जुन्या तबकडीवरचे सगळे नवीवर उतरवायला घेतले. लॅपटॉपचे दहा स्क्रू काकांनी कागदावर आकृती काढून त्या-त्या जागी ठेवले. त्यांतल्या एकाचे आटे वेगळे निघाले, त्याला बारीक लाल दोरा बांधला. जुनी तबकडी दर चार-पाच सेकंदांनी टक्क आवाज करत होती.

"पाल चुकचुकल्यासारखं काय ते?" काकूंनी विचारले.

"ती मरतेय," मी म्हणालो.

पाच तासांनी काम संपले. पडद्यावर संदेश आला की काही भाग वाचता आलेले नाहीत. मी काकांना तो दाखवला आणि सांगितले की सगळ्या फाइली तपासून होईपर्यंत जुनी तबकडी जपून ठेवा. कॅम्प तीनमध्ये मेलेल्या डिस्कमधूनही माहिती काढून देणारे लोक आहेत. गरज पडली तर उद्या जाऊ. काकांनी मान हलवली. मला अंबरनाथला एका सभेला जायचे होते, मी गेलो.

संध्याकाळी परतलो तेव्हा जुनी तबकडी बाल्कनीत, वर्तमानपत्रावर ठेवलेली होती. तिला आरपार तीन भोके पाडलेली होती आणि लाल टॅग बांधलेला होता. शेजारी ड्रिल मशिन गार होत होते.

मी काही बोलण्याआधी काका म्हणाले, "मूळ प्रत नवीकडे गेली. जुनी त्याच दिवशी बाद करून निकामी करायची. नियम आहे."

"उद्यापर्यंत थांबायचं म्हणालो होतो ना काका."

"बाद माल एक दिवस जरी पडून राहिला, तरी कोणीतरी पॉलिश करून परत आणतो. मी पाहिलंय."

ही भीती त्यांच्या नोकरीत खरी असेल. आमच्या बाल्कनीत मात्र तबकडी पॉलिश करून परत आणणारे कोणी नव्हते.

लॅपटॉप अकरा सेकंदांत सुरू होत होता. दहा वेळा मोजून सरासरी अकरा पूर्णांक दोन. काकांनी त्याला हिरवा टॅग बांधला, तो अठरा तास टिकला. दुसऱ्या दिवशी दुपारी ते मला जिन्यात भेटले. माझ्या हातात बादली होती, त्यांच्या हातात पिवळा टॅग.

"एकशे आठ फाइली उघडून पाहिल्या. एक उघडत नाही. सहाव्या वर्षाचा मे."

"एकशे सात उघडतात ना?"

"एकतीस दिवस नाहीत."

"काका, साहेब एकशे आठ फाइली उघडणार नाहीत. तीन उघडतील. तो मे त्यांच्या हाती लागणार नाही."

"तुमच्या बातमीत एक आकडा चुकला तर तुम्ही काय करता?"

"दुसऱ्या दिवशी आत, तळाला, छोट्या अक्षरात दुरुस्ती."

"किती छोट्या?"

गढूळ पाण्याच्या ग्लासातून दिसणार नाही इतक्या, हे दोघांनाही माहीत होते.

तिसऱ्या सुनावणीला मी बातमीदार म्हणून कोपऱ्यातल्या खुर्चीवर होतो. साहेबांनी लॅपटॉप पाहिला आणि शिपायाला चहा सांगितला. शिपाई दारापर्यंत पोहोचायच्या आत पडद्यावर फाइलींची यादी होती. साहेबांनी आधी लॅपटॉपकडे आणि मग दाराकडे पाहिले. निघून जायला काही कारण उरले नव्हते. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. एक फाइल उघडली, दुसरी, तिसरी. बादली भरायचे सेकंद वाचताना त्यांच्या ओठांची हालचाल होत होती. चौथ्या वर्षातल्या एका महिन्यात 'पाणी नाही' हे सलग नऊ वेळा लिहिलेले होते. तिथे ते थांबले.

"बरोबर आहे तुमचं," साहेब म्हणाले. आवाजात कुरकुर नव्हती. "एवढं कोणी ठेवत नाही हो. मी नाव टाकतो यादीत."

त्यांनी पेन उघडले. दहापैकी सहा मिनिटे झाली होती.

"साहेब, एक दोष सांगायचा राहिला," काका म्हणाले.

त्यांनी खिशातून पिवळा टॅग काढून लॅपटॉपला बांधला. मग उभे राहून सांगितले की सहाव्या वर्षाचा मे महिना उपलब्ध नाही, जुनी डिस्क नियमानुसार नष्ट केली आहे, आणि लॉटमधला एक नग सदोष असताना लॉट पास करा असे म्हणायचा अधिकार त्यांना नाही.

साहेबांनी पेनाचे टोपण लावले, पुन्हा काढले. तीस वर्षांच्या नोकरीत असा अर्जदार त्यांना भेटला नसावा. पण अशा अर्जदाराचे काय करायचे, हे त्यांना लगेच सुचले. त्यांनी लिहिले : 'नोंदी अपूर्ण असल्याचे अर्जदारास मान्य.'

"यादी सोमवारी वर जाते," ते म्हणाले. "तोपर्यंत पूर्ण करून आणा. नाहीतर मी तरी काय करणार? तुम्हीच बाद म्हणताय."

घरी मी काकूंना सगळे सांगितले, कारण काका सांगणार नाहीत हे दिसत होते. मला वाटले, त्या चिडतील. त्या मोरीत बादली ठेवून बाहेर आल्या, गुडघा चोळला आणि विचारले, "कुठला महिना?"

"मे. सहाव्या वर्षाचा."

काकू स्वयंपाकघरात गेल्या. फळीवरचे डाळींचे डबे एकेक करून ओट्यावर उतरवले. फळीवर जुन्या कॅलेंडरची पाने अंथरलेली होती. दरवर्षीचे कॅलेंडर संपले की त्या पाने फळ्यांवर घालत; काका त्याला 'वापरात नसलेला कागद' म्हणत आणि दुर्लक्ष करत. काकूंनी तीन थर काढले, चौथ्यातून एक पान ओढले, झटकले आणि काकांसमोर ठेवले. कोपऱ्यात हळदीचा मोठा डाग, मध्ये तेलाचे वर्तुळ. प्रत्येक तारखेच्या चौकोनात दुधाची खूण, एका चौकोनात गॅस सिलिंडर आल्याची नोंद, आणि रोज खाली बारीक अक्षरात 'पा.' आणि वेळ. दोन चौकोनांत 'पा. नाही.' आठ तारखेला 'पा. लाल'.

काकांनी चष्मा घातला. "हे लिहायला कोणी सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला हवं? पाणी किती वाजता येतंय ते बघून मला बाजारात जायचं असतं."

"किती वर्षं लिहितेस?"

"लग्नाला किती झाली?"

काकांनी लगेच विश्वास ठेवला नाही. त्यांनी त्याच वर्षाचे एप्रिल आणि जूनही फळीवरून काढून घेतले आणि लॅपटॉप सुरू केला. अकरा सेकंदांनी त्यांनी एकेक दिवस जुळवायला घेतला. साठ दिवस. प्रत्येक दिवशी काकूंची वेळ त्यांच्या वेळेच्या आधीची होती. कधी चार मिनिटे, कधी नऊ. सरासरी सहा.

"तुझं घड्याळ पुढे आहे," काका म्हणाले.

"घड्याळ एकच आहे घरात." काकू डबे परत लावत होत्या. "पाइपात आधी हवा वाजते, ती मला ऐकू येते. मी लिहिते. मग 'अहो, पाणी!' म्हणून हाक मारते. मग तुम्ही चष्मा शोधता, बादली शोधता, खाली जाता. तेव्हा तुमचं पाणी येतं."

नऊ वर्षे ज्या उपकरणाच्या भरवशावर मोजणी चालली होती, ते उपकरण स्वयंपाकघरात होते आणि त्याची तपासणी कधीच झाली नव्हती. काकांनी उठून लॅपटॉपचा पिवळा टॅग सोडला, लाल बांधला आणि लिहिले : 'वेळ सरासरी सहा मिनिटे उशिरा.' मग कॅलेंडरच्या पानासाठी आयुष्यातली चौथी सवलतीची चिठ्ठी लिहिली : 'हळद व तेलाचे डाग. मोजमापावर परिणाम नाही.'

सोमवारी साहेबांनी ते पान दोन्ही हातांत धरून उजेडात पाहिले, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"हे बघा, याला म्हणतात पुरावा! हाताने लिहिलंय, डाग पडलेत, दूधसुद्धा आहे. आमच्या घरीही असंच आहे." त्यांनी लॅपटॉपकडे मान उडवली. "कॉम्प्युटरचं काय सांगता, माणूस काहीही टाइप करतो."

लॅपटॉप उघडायची वेळच आली नाही. साहेबांनी पानाला पंचिंग मशिनने दोन भोके पाडली आणि ते फाइलला लावले. भोके पडताना काकांनी डोळे मिटले. त्यांच्या भाषेत त्याचा एकच अर्थ होता.

यादीत नाव गेले. पाइप पडायला सात महिने लागले आणि खणलेली गल्ली बुजवायला आणखी चार, पण पाणी वरच्या टाकीत आपोआप चढू लागले. बातमी मी केली. आत, दोन कॉलम. साहेबांचा फोटो होता, काकूंच्या कॅलेंडरचा नव्हता.

नवी लाइन सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी समोरच्या ब्लॉकमध्ये डोकावलो. काका टेबलाशी बसलेले होते. लाल टॅग लावलेला लॅपटॉप समोर उघडा होता, नव्या महिन्याची फाइल होती आणि आल्याच्या वेळेचा रकाना कोरा होता. आतून नळाचा आवाज येत होता. काकू नऊ वर्षांत पहिल्यांदा साडेसातपर्यंत झोपल्या होत्या आणि आता उठून केस सोडवत उभ्या होत्या.

"पाणी आलंय, पत्रकार," काका म्हणाले. "पण केव्हा आलं, ते कळलं नाही. हाक कोणी मारली नाही."

"मग काय लिहिणार?"

त्यांनी रकान्यावर बोट ठेवले. "मोजलं नाही, म्हणजे..."

"म्हणजे आलंच नाही, असं लिहा," काकू टॉवेल खांद्यावर टाकत म्हणाल्या. "मी तोवर आंघोळ उरकते."